तारीख उलटली, कळा नाहीत: इंडक्शनला हो म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं बाळंतपण, वय २७, बीपी-शुगर नॉर्मल, आज मंगळवार आणि ४० आठवडे ३ दिवस झालेत. डॉक्टर म्हणाले गुरुवारी ॲडमिट व्हा, कळा सुरू करायचं औषध देऊ, म्हणजे इंडक्शन. शेवटच्या सोनोग्राफीत मात्र तारीख ९ दिवस पुढची आलीय, म्हणून घरचे म्हणतायत अजून दिवसच भरले नाहीत. सासूबाई म्हणतात बाळ आपल्या वेळेला येतं, आणि नणंदेला असंच औषध देऊन शेवटी सिझर झालं होतं. माहेर पाटणच्या आतल्या बाजूला, दवाखाना कराडला, गाडीने सव्वा तास. आतून तपासल्यावर "गर्भाशयाचं तोंड अजून बंद आहे" असं सांगितलंय. जायचं की थांबायचं?

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर, कारण तुमच्या हातात दोन-तीन दिवसच आहेत. शनिवारी तुमचे ४१ आठवडे पूर्ण होतात. बाळाची हालचाल नेहमीसारखी असेल आणि गुरुवारच्या तपासणीत बीपी, गर्भजल, एनएसटी (पोटाला पट्टा लावून काढलेला बाळाच्या ठोक्यांचा आलेख) सगळं ठीक निघालं तर शनिवारपर्यंत थांबायला हरकत नाही. गुरुवारीच ॲडमिट झालात तरी डॉक्टर उगाच घाई करतायत असं मी म्हणणार नाही. शनिवारच्या पुढे मात्र थांबू नका. मी गेली बरीच वर्षं बाळंतपणंच करतेय आणि या एका प्रश्नावर माझं मत पक्कं होत गेलंय, ते का ते नीट सांगते.

सगळ्यात आधी तारखेचा घोळ मिटवूया, कारण तुमच्या घरातला अर्धा वाद तिथेच आहे. ड्यू डेट म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने आणि सात दिवस. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका नऊ महिने नऊ दिवस म्हणतात ते या हिशोबाच्या अगदी जवळ आहे. नेमक्या त्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच, बाकीच्या सगळ्या आधी किंवा नंतर, त्यामुळे ४० आठवडे उलटले म्हणजे काहीतरी बिघडलं असं अजिबात नाही. आता सोनोग्राफीचं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, त्या वयात सगळी बाळं जवळजवळ एकाच वेगाने वाढतात, म्हणून त्यावरून काढलेलं वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर असतं. नंतर मात्र प्रत्येक बाळाची वाढ आपापली. नवव्या महिन्यात मशीन डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून वय काढतं त्यात तीन आठवड्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. रिपोर्टवर दर वेळी नवीन ईडीडी, म्हणजे ड्यू डेट, छापून येते ती मशीनने त्या दिवशीच्या मापावरून काढलेली असते, तिने आधीची तारीख बदलत नाही.

तुम्ही लिहिलंय की आठव्या आठवड्यातली पहिली सोनोग्राफी पाळीच्या तारखेशी जुळत होती. मग विषय संपला, तुमचे ४० आठवडे ३ दिवस पक्के. आणि इथे एक गोष्ट घरच्यांना जरूर सांगा, कारण बहुतेक घरांत ती उलटी समजली जाते. शेवटच्या सोनोग्राफीत तारीख ९ दिवस पुढे गेली याचा अर्थ बाळ ९ दिवसांनी लहान वयाचं आहे असा नाही, त्याचं माप सरासरीपेक्षा थोडं कमी आहे एवढाच. म्हणजे त्या आकड्याकडे बघून निवांत होण्याऐवजी उलट विचारायला पाहिजे की बाळाची वाढ मागे तर पडत नाहीये ना. तुमच्या बाबतीत वजनाचा अंदाज बरा आहे, डॉपलर (बाळाच्या रक्तप्रवाहाची तपासणी) नॉर्मल आहे, म्हणून काळजीचं कारण दिसत नाही, पण "सोनोग्राफी पुढची तारीख सांगतेय म्हणजे अजून थांबायला जागा आहे" हा हिशोब धोक्याचा आहे. हा हिशोब करून बेचाळिसाव्या आठवड्यात आलेल्या बायका मी बघितल्यात, पाणी जवळजवळ संपलेलं आणि हिरवं झालेलं. (ज्यांची पाळी दोन-दोन महिने येत नाही, पीसीओडी आहे आणि पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीच झालेली नाही त्यांचं वेगळं, तिथे तारीखच खात्रीची नसते, तिथे नुसत्या तारखेवर औषध सुरू करायच्या आधी डॉक्टरांना जास्त विचार करावा लागतो.)

आता ४१ च्या पुढे का नको. वारेचं काम हळूहळू मंदावायला लागतं, सगळ्यांचं नाही पण काहींचं, आणि कोणाचं ते आधी सांगता येत नाही ही खरी अडचण. गर्भजल कमी होतं. बाळ पोटात शी करण्याचं प्रमाण वाढतं, आणि ती शी श्वासात गेली तर जन्मल्यावर बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येते. काही बाळं मोठी होत जातात आणि खांदे अडकायची भीती वाढते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोटातच बाळ जाणं. हे लिहिताना मलाही जड जातं पण लपवून उपयोग नाही, निर्णय याच आकड्यावर होतो. २०१९ मध्ये दीड कोटी गरोदरपणांची माहिती एकत्र करून काढलेला हिशोब आहे, ३७ आठवड्यांना हा धोका दर हजारी ०.११ होता आणि ४२ आठवड्यांना ३.१८. चाळिसाव्या आठवड्याऐवजी एकेचाळिसाव्यापर्यंत थांबलं तर साधारण १४४९ बायकांमागे एक बाळ जास्त जातं. म्हणजे धोका फार लहान आहे, हजारात ९९० च्या वर बाळं ठणठणीत येतात, म्हणूनच सासूबाईंच्या आठवणीत दिवस उलटून सुखरूप झालेली बाळंतपणंच जास्त असणार. पण धोका चढत जातो, उतरत नाही, आणि पुढे थांबून बाळाला मिळत काहीच नाही, ४१ आठवड्यांचं बाळ पूर्ण तयार असतं.

मग औषध देऊन बाळंतपण केल्याने हा धोका खरंच कमी होतो का? होतो. कॉक्रेन ही संस्था जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०२० च्या आढाव्यात ३४ अभ्यास आहेत, २१ हजारांवर बायका. बाळांचे मृत्यू जिथे मोजले होते त्या २२ अभ्यासांत इंडक्शनच्या गटात ४ बाळं गेली आणि थांबलेल्या गटात २५. एक बाळ वाचवायला साधारण ५४४ बायकांना इंडक्शन द्यावं लागतं. स्वीडनमध्ये ४१ विरुद्ध ४२ आठवडे असा अभ्यास चालू होता, २७६० बायका झाल्या होत्या, थांबलेल्या गटात ६ बाळं गेली, इंडक्शनच्या गटात एकही नाही, आणि तो अभ्यास वेळेआधी बंद केला कारण पुढे चालू ठेवणं बरोबर वाटेना. ती सहाही बाळं पहिलटकरणींची होती, म्हणून तुम्हाला हे आवर्जून सांगतेय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते तारीख खात्रीची असेल तर ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर इंडक्शन करावं, ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनेही २०२१ मध्ये ४१ लाच ते देऊ करा असं सांगितलं.

आपल्या बायकांबद्दल अजून एक. २००४ साली लंडनच्या वायव्य भागातल्या एक लाखाहून जास्त पहिलटकरणींचा अभ्यास आला होता, त्यात गोऱ्या बायकांचा कळा सुरू व्हायचा मधला काळ ४० आठवडे निघाला आणि आशियाई बायकांचा ३९. आपल्या बायकांची बाळं थोडी लवकर पिकतात असं समजा. यावरून प्रत्येकीला ३९ लाच औषध द्या असं होत नाही, पण ४० नंतर आपल्याकडचे डॉक्टर थोडे जास्त सावध असतात त्याला कारण आहे, आणि मी तरी ४१ ही शेवटची रेघ धरते, ४२ नाही.

आता नणंदेची गोष्ट, खरी भीती तीच आहे ना? "औषध दिलं की सिझर होतंच." अभ्यास उलटं सांगतात. त्याच कॉक्रेनच्या आढाव्यात इंडक्शनच्या गटात सिझर थोडी कमीच झाली. अमेरिकेत २०१८ मध्ये सहा हजारांवर पहिलटकरणींचा अभ्यास झाला, ३९ आठवड्यांना इंडक्शन दिलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट बघितलेल्यांत २२.२. लोकांचा गोंधळ कुठे होतो तर तुलना चुकीच्या बाईशी करतात. आज औषध घेणारी आणि आज आपोआप कळा आलेली अशी तुलना केली तर औषधवालीचं सिझर जास्त दिसणारच, पण आज तुमच्यासमोर "आज आपोआप कळा येऊ देत" हा पर्याय कुणी ठेवलेलाच नाही, पर्याय आहे औषध किंवा अजून थांबणं, आणि थांबलेल्यांपैकी काहींचं पुढे जाऊन पाणी कमी होतं, ठोके बिघडतात, त्यांचंही सिझर होतं.

पण तुमची भीती निराधार आहे असंही मी म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली होती आणि सरकारीमधली १४.३ टक्के. एवढा फरक फक्त अवघड केसेसमुळे पडत नाही. अभ्यासांतल्या इंडक्शनमध्ये आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष होणाऱ्या इंडक्शनमध्ये मोठा फरक आहे आणि तो म्हणजे वेळ. सकाळी आठला तोंड मऊ करायचं जेल, दुपारी कळांची सलाईन, रात्री नऊला "प्रोग्रेस नाही, सिझर करू" असं झालं असेल तर ते इंडक्शन फेल गेलं नाही, त्याला वेळच मिळाला नाही. नणंदेचं नेमकं काय झालं ते विचारा: किती आठवडे होते, तोंड किती उघडलेलं होतं, किती तास दिले, आणि सिझरचं कारण काय लिहिलंय, बाळाचे ठोके की नुसतं फेल्ड इंडक्शन. कार्डावर लिहिलेलं असतं ते.

म्हणून तोंडाबद्दल बोलू. गर्भाशयाचं तोंड तयार नसताना बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं कडक लागतं आणि तयार झालं की ओठासारखं मऊ. नुसतं उघडलंय का एवढंच आम्ही बघत नाही, किती मऊ आहे, किती आखूड झालंय, मागे वळलंय की पुढे आलंय, बाळाचं डोकं किती खाली आहे, सगळ्याचे मार्क मिळून बिशप स्कोअर होतो, एकूण १३ पैकी. ६ किंवा कमी म्हणजे तोंड अजून तयार नाही, ८ च्या वर म्हणजे औषधाला छान साथ देईल. तुम्हाला "बंद आहे" एवढंच सांगितलंय, गुरुवारी स्कोअर विचारा, कुठलेही डॉक्टर सांगतील. तोंड तयार नसेल तर इंडक्शन नको असं नाही, मग आधी तोंड मऊ करायचं आणि नंतर कळा आणायच्या, दोन टप्पे, दोन दिवस लागू शकतात. हे माहीत नसल्यामुळेच निम्मा वैताग होतो.

तोंड मऊ करायचे तीन रस्ते आपल्याकडे वापरतात. एक फोलीचा फुगा, लघवीची नळी असते तीच, ती तोंडातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा साधारण ३० मिली पाण्याने फुगवतात आणि नळी मांडीला चिकटपट्टीने ताणून लावतात, तोंड तीनेक सेंटिमीटर उघडलं की फुगा आपोआप गळून पडतो. घालताना पाळीच्या दुखण्यासारखं दुखतं, नंतर तुम्ही चालू-फिरू शकता, जेवू शकता. दुसरं जेल, फ्रिजमधून काढलेली लहान सिरिंज, आधी एनएसटी काढतात, जेल सोडल्यावर अर्धा तास आडवं राहायचं, आणि सहा तासांनी परत तपासून पुढचं ठरवतात. तिसरं मिसोप्रोस्टॉलची गोळी, २५ मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी पाण्याबरोबर तोंडाने. या गोळीवरचा एक चांगला अभ्यास आपल्या नागपूरचाच आहे, दोन सरकारी रुग्णालयांत बीपी वाढलेल्या ६०२ बायकांवर केलेला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोळी दिलेल्या ५७ टक्के बायका २४ तासांच्या आत नॉर्मल बाळंत झाल्या, फुगा लावलेल्या ४७ टक्के. म्हणजे गोळी थोडी सरस, पण फुग्याने कळा एकदम जोरात येऊन बाळ दमायची भीती कमी असते, त्यामुळे बाळ थोडं लहान वाटत असेल तर मी फुगा निवडते. हीच गोळी मेडिकलमधून आणून घरी कुणी घेऊ नका, बाजारात २०० मायक्रोग्रॅमचीही मिळते आणि तिचा अंदाजाने तुकडा करून घेणं म्हणजे गर्भाशय फाटण्यापर्यंत जाऊ शकतं.

तोंड मऊ झालं की मग बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फोडून पाणी काढतात आणि कळांची सलाईन लावतात, म्हणजे ऑक्सिटोसिन. ती अगदी थोड्यापासून सुरू करून साधारण अर्ध्या तासाने वाढवत न्यायची असते, पंपावर असेल तर उत्तम. दहा मिनिटांत तीन ते चार कळा आल्या की पुरे. पाचाच्या वर गेल्या तर बाळाला दोन कळांमध्ये श्वास घ्यायला उसंत मिळत नाही, ठोके खाली जातात, तेव्हा सलाईन लगेच बंद करून डाव्या कुशीवर वळवतात आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत सगळं सावरतं. औषधाने बाळाला त्रास होतो का या प्रश्नाचं उत्तर हेच, औषध जपून आणि ठोक्यांवर लक्ष ठेवून दिलं तर सहसा नाही, सलाईन लावून सिस्टर तासभर फिरकलीच नाही तर होऊ शकतो. आणि हो, सलाईनच्या कळा आपोआप येणाऱ्या कळांपेक्षा जास्त दुखतात असं बहुतेक बायका सांगतात आणि ते खरं आहे, कारण शरीराला हळूहळू सवय व्हायला वेळ मिळत नाही. एपिड्युरलची, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनची, सोय आहे का, भूलतज्ज्ञ रात्री येतात का, हे गुरुवारी विचारून ठेवा, लेबर रूममध्ये ओरडत असताना विचारायची गोष्ट नाही ती.

आता बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्यांबद्दल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरच्यांचा धीर सुटतो, मामा येतात, शेजारचे फोन करतात, आणि कुणीतरी येऊन म्हणतं "मॅडम, पोरगी किती त्रास सहन करणार, काढून टाका सिझरने." किती तरी सिझर अशा दबावाखाली झालेली मी पाहिलीयत, बाळ-बाळंतीण दोघं उत्तम असताना. म्हणून ॲडमिट व्हायच्या आधीच घरात सांगून ठेवा की २४ ते ४८ तास लागू शकतात आणि तोंड ५ सेंटिमीटर होईपर्यंतचा काळ सगळ्यात लांबलचक असतो, तोवर "काहीच होत नाहीये" असं म्हणायचं नाही. पिशवी फुटल्यावर सलाईन निदान १२ ते १८ तास चालवल्याशिवाय, आई आणि बाळ ठीक असताना, इंडक्शन फेल म्हणू नये असं आता मानतात. अमावास्येला बाळंतपण नको असंही घरात म्हणतात. ४१ च्या आत असाल, सगळे रिपोर्ट चांगले असतील तर एखादा दिवस पुढेमागे करायला मी कधी वाद घालत नाही, मनाला बरं वाटतं तर ठीक, पण ४१ नंतर किंवा हालचाल कमी असताना कॅलेंडर बघू नका.

घरगुती उपायांचं पटकन सांगते. एरंडेल घेऊ नका, जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि त्या अशक्तपणात कळा सोसायची वेळ येते. चाला, पण दमेपर्यंत जिने चढायची गरज नाही. शुगर नसेल तर खजूर खा, लहान अभ्यासांत थोडा फायदा दिसलाय आणि तोटा नाही. पतीपत्नी संबंधांनी नुकसान नाही, पाणी किंवा रक्त जात नसेल तर, पण कळा सुरू होतीलच याची खात्री नाही. या सगळ्यांपेक्षा उपयोगी म्हणजे आतून तपासताना बोटाने पिशवी तोंडापासून थोडी मोकळी करणं, ज्याला स्वीपिंग म्हणतात, त्याने बऱ्याच जणींना एक-दोन दिवसांत आपोआप कळा सुरू होतात आणि औषधाची वेळच येत नाही. बोट आत जात असेल तरच जमतं, दुखतं, नंतर थोडं रक्तमिश्रित चिकट जातं, घाबरायचं नाही. तुमची परवानगी विचारूनच करायला पाहिजे, आणि कुणी विचारलं नाही तर तुम्हीच मागा, गुरुवारी हे नक्की करून घ्या असं मी सुचवेन.

थांबायचं ठरलं तर कसं थांबायचं? हालचालीवर लक्ष, हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. "नववा भरला की जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं" हे चूक आहे, लाथेची पद्धत बदलते, घुसळल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही. रात्री जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून मोजा, दोन तासांत दहा हालचाली व्हायला पाहिजेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या बाळाची रोजची जी सवय आहे त्यापेक्षा आज कमी वाटतंय का. कमी वाटलं तर थंड सरबत पिऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याच वेळी गाडी काढायची. पाणी गेलं, विशेषतः हिरवट, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तळहात-तळपायांना रात्रभर खाज सुटली, तरीही तसंच. एनएसटी आणि पाण्याची तपासणी दर दोन-तीन दिवसांनी. आणि एनएसटी चांगली आली याचा अर्थ आज बाळ छान आहे, पुढच्या आठवड्याची ती हमी नाही. गर्भजलात सगळ्यात मोठा कप्पा २ सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल असेल तर ठीक. "गळ्यात नाळेचा वेढा आहे" एवढ्यावरून घाबरू नका, चार-पाच बाळांत एकाला असतोच आणि बहुतेक नॉर्मल होतात.

हे सगळं साध्या, धोका नसलेल्या गरोदरपणाचं. बीपी वाढलेलं असेल, शुगरसाठी इन्सुलिन चालू असेल, बाळाची वाढ मागे पडली असेल, यकृतामुळे खाज सुटत असेल, वय चाळिशीच्या आसपास असेल, तर ४१ पर्यंत थांबायचंच नसतं, तारीख आधीची असते आणि ती डॉक्टर ठरवतील. आधीचं सिझर असेल तर ती मिसोप्रोस्टॉलची गोळी अजिबात चालत नाही, जुना टाका उघडायची भीती असते, तिथे फुगा आणि सोबत ऑपरेशन थिएटर तयार असलेलाच दवाखाना.

तुमच्या बाबतीत माझ्या मनात एकच गोष्ट गुरुवारकडे झुकते आणि ती म्हणजे सव्वा तासाचं अंतर. कराडमध्येच राहत असतात तर मी डोळे मिटून शनिवार म्हटलं असतं. पाटणच्या आतून रात्री पावसात गाडी काढायची म्हणजे सव्वा तासाचा दोन तास होतो. म्हणून मधला रस्ता असा: गुरुवारी जाऊन तपासणी, एनएसटी, स्वीपिंग करून घ्या, कराडला कुणी नातेवाईक असतील तर दोन दिवस तिथेच मुक्काम करा, आणि शुक्रवारी संध्याकाळी फुगा लावायला ॲडमिट व्हा म्हणजे शनिवारी सकाळी ताज्या दमाने सलाईन सुरू करता येईल. कराडला राहायची सोय नसेल तर गुरुवारीच ॲडमिट व्हा. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, अगदी सिझरसुद्धा, मोफत आहे, आणि २०१६ पासून सरकारी लेबर रूममध्येही एक बाईमाणूस सोबत ठेवायला परवानगी आहे, आईला किंवा बहिणीला आत घेऊन जा. उपाशीपोटी येऊ नका, नीट जेवून या.

आणि समजा सगळं करूनही तोंड उघडलंच नाही तर? बाळाचे ठोके चांगले आणि पिशवी शाबूत असेल तर ती इमर्जन्सी नाही. एक रात्र झोप काढून दुसऱ्या दिवशी दुसरी पद्धत वापरता येते, फुग्यानंतर गोळी किंवा गोळीनंतर फुगा, हे डॉक्टरांना सरळ विचारा, बरेच जण तयार होतात. पिशवी फुटून बराच वेळ झाला असेल, ताप आला असेल, पाणी हिरवं असेल किंवा ठोके वारंवार खाली जात असतील तर मात्र मग सिझरला लगेच सही करा आणि त्यावर घरात कुणाला वाद घालू देऊ नका.